उपवासकाळाचा विसरलेला कणा

ख्रिस्ती मंडळीचा उपवासकाळ बाहेरच्या माणसाला दोन खुणांनी कळतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस दिसतो आणि शुक्रवारी घरात मटण शिजत नाही. २०२६ साली हा काळ १८ फेब्रुवारीला सुरू होऊन ५ एप्रिलच्या ईस्टरला संपतो. मधले रविवार वगळले की चाळीस दिवस भरतात. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही त्याची तीन अंगे प्रत्येक प्रवचनात ऐकू येतात. चौथे अंग, म्हणजे अभ्यास, मात्र मागे पडते. माझे म्हणणे असे की उपवासकाळ मुळात अभ्यासाचाच काळ होता, आणि तो अभ्यास गळला की उपवासाची सवय होते व सेवेचे औदार्य होते. सवय माणसाला बदलत नाही, आणि औदार्य वरून खाली वाहते.

इतिहास याला दुजोरा देतो. चौथ्या शतकात ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी याच आठवड्यांत होई. साधारण ३५० साली जेरुसलेममध्ये सिरिलने अशा उमेदवारांना दिलेली शिकवण आजही उपलब्ध आहे. ती श्रद्धेचा एकेक मुद्दा उलगडत जाते. पुढे बालबाप्तिस्मा रूढ झाला आणि या तयारीचे प्रयोजन मागे पडले. प्रायश्चित्त तेवढे उरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात हा तोल सावरला. उपवासकाळाला बाप्तिस्म्याची आठवण आणि प्रायश्चित्त अशा दोन बाजू आहेत, देवाचे वचन या दिवसांत अधिक ऐकावे, आणि प्रायश्चित्त केवळ आंतरिक व वैयक्तिक न राहता सामाजिकही व्हावे, असे तो सांगतो. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ याच गरजेतून आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना वाचायला-ऐकायला आपल्या भाषेत काही हवे होते, म्हणून ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा ओवीत उतरली. विधीला आशय लागतो, हे त्या इंग्रज जेझुइटाला कळले होते.

वलवण-लोणावळ्याचा परिसर या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. एरवी धरण, द्रुतगती मार्ग आणि चिक्की यांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या या घाटमाथ्यावर फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात सुरू केलेली ‘साधना’ संस्था १९७८ साली आली. संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेत तिसरा आठवडा ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या चिंतनाचा असतो. ती परंपरा अंगी मुरलेल्या डिमेलोंनी श्वासाकडे आणि शरीराच्या जाणिवेकडे लक्ष देण्याची पौर्वात्य रीत प्रार्थनेत आणली. त्याच लोणावळ्यात १९२४ पासून स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम योगाचा अभ्यास करत होते, हे लक्षात घेतले की या भूमीत साधना आणि अभ्यास यांची फारकत का मानवत नाही ते समजते.

येथे पहिला आक्षेप येतो. अभ्यासाला मोकळे सोडले तर श्रद्धा ढिली होते, असे काहींना वाटते. डिमेलोंच्या निधनानंतर ११ वर्षांनी, १९९८ साली, व्हॅटिकनने त्यांच्या काही मतांबाबत सावधगिरीची सूचना काढली, ती ते पुढे करतात. पण त्या सूचनेसाठीही त्यांची पुस्तके बारकाईने वाचावी लागली. मतभेद अभ्यासानेच ठरतात. अभ्यास टाळून राहते ती केवळ धास्ती.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. राबणाऱ्या माणसाला शास्त्राभ्यास कसा जमावा? लोणावळ्यासारख्या पर्यटनाच्या गावात तर हॉटेलात राबणाऱ्याचा रविवारच सर्वांत गर्दीचा. याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच, केडगावला सापडते. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या स्त्रियांना आसरा दिला, पण तेवढ्यावर न थांबता त्यांना अक्षरे आणि छपाईचे काम शिकवले, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बायबल उतरवले. एकाच आवारात अन्न आणि ग्रंथ. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ त्याच वाटेने गेले. आठवड्यात एका घरी, कामाची पाळी संपल्यावर, एक उतारा वाचून त्यावर बोलणे हाही अभ्यासच.

तिसरा आक्षेप मंडळीबाहेरून येतो: ही सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष नव्हे का? शंका आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र उपवासकाळातले वाचन स्वतःच तिला उत्तर देते. यशया संदेष्ट्याच्या ५८ व्या अध्यायात देवाला हवा असलेला उपवास म्हणजे अन्यायाची बंधने तोडणे आणि भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे असे म्हटले आहे. भुकेल्याने बदल्यात काही द्यावे, अशी अट तेथे नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दानाचा गाजावाजा करू नये, असा इशारा आहे. हे दोन उतारे मंडळीने नीट वाचले, तर आमिष आणि जाहिरात दोन्ही तिला आपल्याच धर्माविरुद्ध वाटतील. चाळीस दिवसांपुरत्या परोपकारावरही इलाज हाच. अन्याय कुठे आहे हे ज्याने वाचून-विचारून ओळखले, त्याला ईस्टरनंतर तो दिसेनासा होत नाही.

म्हणून एखाद्या मंडळीचा उपवासकाळ कसा गेला हे किती जण ‘क्रूसाच्या वाटे’च्या प्रार्थनेला आले किंवा किती पाकिटे धान्य वाटले यावरून ठरू नये. आपण कोणाची भाकर अडवून बसलो आहोत, हा प्रश्न त्या काळात तिने स्वतःला विचारला का आणि उत्तर मिळाल्यावर मजुरी, भाडे, मान यांपैकी काय बदलले, यावरून ते ठरावे.