निम्म्या चिप्स म्हणजे निम्मे पैसे नव्हेत

चंद्रपूर-गडचिरोलीकडे पैशाचा खेळ म्हटला की आधी आठवतात दिवाळीतले ताशपत्ते आणि कोंबडबाजार. दोन्हीकडे हिशेब रोखीचा. शंभर लावले, जिंकलो तर शंभर वर मिळाले, हरलो तर शंभर गेले. पोकर टूर्नामेंटच्या शेवटच्या टप्प्याबद्दलचे बहुतेक गैरसमज या रोखीच्या सवयीतून येतात. टूर्नामेंटमध्ये प्रवेश फी भरून चिप्स मिळतात, पण त्या चिप्स परत देऊन पैसे मिळत नाहीत. पैसे मिळतात ते कितव्या क्रमांकावर बाहेर पडलात त्याचे.

आधी कायद्याचे, कारण तिथेही घोळ आहे. ‘पोकर हा कौशल्याचा खेळ, म्हणून मोबाइलवर पैसे लावून चालतो’ असे अनेकजण अजून मानतात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला आहे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणे आणि त्यांची जाहिरात करणे हा आता गुन्हा आहे. प्रत्यक्ष टेबलावर खेळायचे तर महाराष्ट्राचा 1976 चा कॅसिनो कायदा कधी अंमलातच आला नाही आणि 2023 मध्ये सरकारने तो रद्द करायचे ठरवले. परवान्याने चालणारी टेबले हवी असतील तर बहुतेकदा गोवा गाठावा लागतो, मांडवी नदीतल्या डेल्टिन रॉयलसारख्या जहाजांवर. वर्ल्ड पोकर टूरची भारतातली स्पर्धा 2017 मध्ये गोव्यातच झाली.

अशाच एका फायनल टेबलची कल्पना करू. तीन खेळाडू उरले आहेत. बक्षिसे 5 लाख, 3 लाख आणि 2 लाख. एकूण 1 लाख चिप्सपैकी मोठ्याकडे 50 हजार, मधल्याकडे 30 हजार, लहानाकडे 20 हजार.

गैरसमज पहिला: ज्याच्याकडे निम्म्या चिप्स, त्याचा हक्क निम्म्या रकमेवर. दहा लाखांतले निम्मे म्हणजे 5 लाख, म्हणजे पूर्ण पहिले बक्षीस, तेही अजून दोघे समोर बसलेले असताना! आणि लहानाच्या वाट्याला 2 लाख, जे त्याला पुढच्याच डावात बाहेर पडला तरी मिळणारच आहेत. हा हिशेब उघडच चुकीचा आहे.

अर्धवट थांबलेल्या खेळाचे पैसे कसे वाटावेत, हा प्रश्न पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांनी 1654 मध्ये पत्रांतून सोडवला होता. आतापर्यंत काय झाले ते नव्हे, पुढे काय काय होऊ शकते ते मोजा, हे त्याचे सूत्र. पोकरमध्ये हेच काम आयसीएम, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेल करते. त्याचे गणित संख्याशास्त्रज्ञ हार्विल यांनी 1973 मध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलेल्या सूत्रासारखेच आहे. पोकरच्या जगात ते पोकर-लेखक मेसन मालमथ यांनी 1980च्या दशकात आणले. पहिले येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरायची. मग एकेकाला पहिला मानून बाजूला काढायचे आणि उरलेल्यांत दुसऱ्या क्रमांकासाठी तेच करायचे. आपल्या टेबलावर उत्तर येते: मोठा सुमारे 3 लाख 84 हजार, मधला 3 लाख 27 हजार 500, लहान 2 लाख 88 हजार 600. मोठ्याकडे लहानाच्या अडीच पट चिप्स आहेत, पण त्यांची किंमत दीड पटही नाही.

गैरसमज दुसरा: चिप्स दुप्पट तर किंमत दुप्पट. लहानाने मोठ्याविरुद्ध ऑल-इन जाऊन, म्हणजे सगळ्या चिप्स लावून, 20 चे 40 हजार केले, तर त्याची किंमत 3 लाख 54 हजार होते. म्हणजे जिंकला तर सुमारे 66 हजारांची भर, हरला तर 89 हजारांची घट. त्यामुळे 50 टक्के शक्यता पुरत नाही, 57च्या वर लागते. (ब्लाइंड आणि अँटी, म्हणजे प्रत्येक डावाला सक्तीने लावायच्या चिप्स, यांत धरलेल्या नाहीत.)

खरी कोंडी मधल्याची होते, आणि खेळाडूंच्या लक्षात येत नाही ते हेच. लहान आपल्याआधी बाहेर पडण्याचा संभव असताना मधल्याने मोठ्याशी भिडायचे, तर त्याला जवळजवळ 61 टक्के शक्यता हवी. त्याच लढतीत मोठ्याला 54 पुरते. म्हणूनच चिप लीडर, म्हणजे सर्वांत जास्त चिप्सवाला, सतत दाब टाकतो. मधला ज्या हातावर पत्ते टाकून देतो तो हात अनेकदा चांगलाच असतो. त्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. समसमान शक्यतेवर हे दोघे भिडले तर मोठा सरासरी 6 हजार गमावतो, मधला 22 हजार 500, आणि हा सगळा पैसा एकही चिप न लावता बसलेल्या लहानाकडे जातो: जवळजवळ 29 हजार.

‘लहान स्टॅक (थोड्या चिप्स) म्हणजे संपलाच’ हेही खरे नाही. 1982 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये जॅक स्ट्रॉस एका चिपवरून परतून विजेता ठरला. अपवादाच्या जोरावर कोणी खेळू नये, पण उरलेल्या प्रत्येक चिपची किंमत हरलेल्या चिपपेक्षा जास्त असते, हे मात्र नियमाने खरे आहे.

दुसऱ्या टोकाचा गैरसमज म्हणजे आयसीएमचा आकडा अंतिम मानणे. या मॉडेलला कोण कसा खेळतो, कोण कुठे बसला आहे, ब्लाइंड कधी वाढणार, यातले काही कळत नाही. बिग ब्लाइंड 1 हजार असताना 20 हजार चिप्स म्हणजे वीस ब्लाइंड, थांबून चांगल्या पत्त्यांची वाट पाहता येते. तोच ब्लाइंड 4 हजार झाला की पाच ब्लाइंड उरतात. दोन्ही वेळी मॉडेल किंमत मात्र एकच सांगते.

पैसा प्रत्यक्ष हातातून जातो तो तडजोडीच्या वेळी. अनेकदा तिघे थांबून रक्कम वाटून घ्यायचे ठरवतात आणि चिप लीडर चिप-चॉप सुचवतो: प्रत्येकाला आधी 2 लाख, उरलेले 4 लाख चिप्सच्या प्रमाणात. हे न्याय्य वाटते, कारण यात कोणालाच तिसऱ्या बक्षिसाहून कमी मिळत नाही. पण मोठ्याला 4 लाख जातात, आयसीएमपेक्षा 16 हजार जास्त. लहानाचे 8 हजार 600 कमी होतात आणि मधल्याचे 7 हजार 500. मोठा खेळाडू खरोखर सरस असेल तर त्याने जास्त मागावे आणि तसे सांगावे. चिप-चॉपमध्ये ती मागणी न बोलताच मान्य होते. हात मिळवण्यापूर्वी टूर्नामेंट डायरेक्टरकडून दोन्ही आकडे मागून घ्यावेत.