‘सेकंड डिव्हिजन’वाला म्हणजे उरलासुरला नव्हे

नाशिकमध्ये फुटबॉल खेळणारी मुलं क्रिकेटच्या मानाने मूठभर. पण त्यांच्या पालकांच्या तोंडी स्पेन हमखास असतं. रात्री ला लिगाचे सामने बघायचे, सकाळी मुलाला देवळालीला नाहीतर गंगापूर रोडला सरावाला सोडायचं आणि कट्ट्यावर बसून ठरवायचं, की पोरगा वेगात पळतो, म्हणजे विंगर होणार आणि विंगर होणार म्हणजे स्पेनला जाणार. हे स्वप्न बघण्यात काही गैर नाही. पण त्याच्याभोवती जे समज जमले आहेत, त्यांत मुलांची वर्षं आणि घरचे पैसे दोन्ही वाया जातात. म्हणून ते एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज: स्पेनमध्ये पहिली डिव्हिजन खरी, खाली सगळा हौशी कारभार.

स्पेनची उतरंड आधी समजून घेऊ. सगळ्यांत वर प्रिमेरा, म्हणजेच ला लिगा, 20 संघ. तिच्याखाली सेगुंडा, 22 संघ आणि हंगामात प्रत्येकी 42 सामने. या दोन्ही पूर्ण व्यावसायिक आहेत. त्यांच्याखालची रचना 2021 मध्ये बदलली. आधी तिसऱ्या पायरीला ‘सेगुंडा बी’ म्हणत आणि तिच्यात 4 गटांत 80 संघ असत. आता तिसऱ्या पायरीवर 2 गटांत 40 संघ आहेत, चौथ्या पायरीवर 5 गटांत 90 आणि त्यांच्याखाली प्रांताप्रांतांचे 18 गट.

आपल्याकडे सहसा लक्षात येत नाही अशी गोष्ट म्हणजे मोठ्या क्लबांचे ‘ब’ संघ याच उतरंडीत इतरांबरोबर खेळतात. मूळ संघ ज्या डिव्हिजनमध्ये असेल तिथे ‘ब’ संघाला जाता येत नाही, एवढंच बंधन. रियाल माद्रिदचा राखीव संघ कास्तिया 1980 मध्ये कोपा देल रे या स्पेनच्या चषकस्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि समोर होता खुद्द रियाल माद्रिद. कास्तिया 6-1 असा हरला, पण खालच्या डिव्हिजनचा संघ तिथवर गेला होता.

आता विंगरचंच उदाहरण घ्या. 2007-08 च्या हंगामात बार्सिलोनाचा ‘ब’ संघ चौथ्या पायरीवर होता. प्रशिक्षक होते पेप ग्वार्डिओला आणि संघात तेनेरिफेहून आलेला पेद्रो नावाचा विंगर होता. सर्जिओ बुस्केट्सही त्याच संघातला. 11 जुलै 2010 ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या पहिल्या अकरात हे दोघंही होते. चौथ्या डिव्हिजनपासून विश्वविजेतेपदापर्यंत जेमतेम दोन वर्षं. असं सगळ्यांचं होत नाही, फार थोड्यांचं होतं. पण खालची डिव्हिजन म्हणजे रस्ता संपला, हा समज मोडायला एवढं पुरेसं आहे.

गैरसमज: तिथे भाव उतरलेले खेळाडू आपल्याकडे येतात.

हा शेरा मी सर्वांत जास्त ऐकतो आणि तो मला मनापासून खटकतो. एफसी गोवाचा फेरान कोरोमिनास, म्हणजे आपला कोरो, 2017 मध्ये आला तेव्हा चौतिशीत होता आणि त्याआधी सायप्रसमध्ये खेळत होता. विंग आणि पुढची फळी, दोन्हीकडे खेळणारा माणूस. भारतात पहिल्या हंगामात त्याने 18 गोल केले, दुसऱ्यात 16, तिसऱ्यात 14. सलग दोन वर्षं सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट त्याच्याकडे होता. या माणसाच्या मागे काय होतं? 2006 च्या कोपा देल रेच्या अंतिम सामन्यात एस्पान्योल क्लबसाठी केलेला गोल. त्याच वर्षी मे महिन्यात रियाल सोसिएदादविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी केलेला गोल, ज्याने एस्पान्योल खाली घसरण्यापासून वाचला. पुढे सेगुंडात जिरोना आणि एल्चे. 2013 मध्ये एल्चे सेगुंडा जिंकून वर चढला, त्या संघातही तो होता. सेगुंडातली ही वर्षं पडझडीची नव्हती, कामाची होती.

कोरो नावाजलेला तरी होता. होर्हे ऑर्टिझचं नाव गोव्याबाहेर फार कुणी घेत नाही. हा विंगर 2020 मध्ये अ‍ॅटलेटिको बालेआरेसकडून आला. मायोर्का बेटावरच्या पाल्मा शहरातला, तेव्हा तिसऱ्या पायरीवर असलेला हा क्लब. पुढच्या एप्रिलमध्ये एफसी गोवा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत उतरला. तिथवर जाणारा हा पहिलाच भारतीय क्लब. परदेशी खेळाडूंच्या जागा अगदी मोजक्या होत्या. प्रशिक्षक हुआन फेरांडो यांनी त्या हंगामात 14 गोल करून गोल्डन बूट मिळवलेल्या इगोर अँगुलोला बाहेर ठेवलं आणि ऑर्टिझला घेतलं. मडगावच्या फातोर्डा मैदानावर गोव्याने कतारच्या अल रय्यानला आणि अमिरातीच्या अल वहदाला 0-0 असं रोखलं. गोल करणारा बाहेर आणि तिसऱ्या डिव्हिजनचा विंगर आत, असं का झालं असावं? माझ्या मते याचं उत्तर पुढच्या गैरसमजात आहे.

गैरसमज: विंगर म्हणजे रेषेवरून सुसाट पळणारा.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा सामना बाजूला उभं राहून बघा. उजव्या विंगवरच्या मुलाकडे पास येतो. तो स्वतःच्या गोलकडे तोंड करून, जवळच्या पायाने चेंडू थांबवतो. थांबवून वळेपर्यंत बचावपटू अंगावर आलेला असतो. मग पोरगा नुसत्या ताकदीने रेषेवरून निघतो, दहातल्या सहा वेळा चेंडू बाहेर जातो आणि बाजूचे पालक ‘पळ, पळ’ ओरडत राहतात. स्पेनमध्ये याच वयाच्या मुलाला आधी वेगळी गोष्ट घोटून घोटून शिकवतात. पास निघायच्या आधी मान फिरवून मागे बघायचं, अंग अर्धं उघडं ठेवायचं आणि चेंडू लांबच्या पायावर घ्यायचा. त्या एका स्पर्शात तो पुढे तोंड करून उभा असतो आणि बचावपटूला दोन पावलं मागे जावं लागतं. वेग त्यानंतर कामी येतो.

अर्धं काम तर चेंडू नसतानाचं. समोरचा फुल-बॅक वर चढला की त्याच्यामागे धावत परत येणं, चेंडू गमावल्यावर पहिल्या काही सेकंदांत झडप घालणं, आपल्या फुल-बॅकला एकटं न सोडणं. आशियातल्या बलाढ्य संघांसमोर 0-0 राखायचं तर हेच लागतं. खालच्या डिव्हिजनमधल्या विंगरची भाकरी यावरच असते. तिथे जागा कमी मिळते, मैदानं तंग असतात आणि चूक केली तर पुढच्या रविवारी बाकावर बसावं लागतं.

गैरसमज: स्पेनच्या अकादमीची फी भरली की क्लबचं दार उघडतं.

इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते. फिफाच्या बदली नियमांतलं 19 वं कलम सांगतं, की 18 वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी करता येत नाही. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिथे राहायला गेले तर. या कलमाच्या भंगावरून बार्सिलोनासारख्या क्लबला 2014 मध्ये शिक्षा झाली आणि 2015 चं पूर्ण वर्ष त्यांना नवे खेळाडू नोंदवता आले नाहीत. त्याची झळ बसलेल्यांत जपानचा ताकेफुसा कुबो होता. 2011 मध्ये बार्सिलोनाच्या ला मासिया अकादमीत आलेला हा मुलगा सामने खेळता येत नाहीत म्हणून 2015 मध्ये मायदेशी परतला. 2019 च्या जूनमध्ये 18 पूर्ण झाल्यावर रियाल माद्रिदने त्याला घेतलं. आज तो रियाल सोसिएदादचा विंगर आहे. म्हणजे घडणीची मधली वर्षं त्याने जपानमध्येच काढली आणि त्याचं काही बिघडलं नाही.

आपल्याकडचा ईशान पंडिता सोळाव्या वर्षी स्पेनला गेला. 2016 मध्ये, 18 पूर्ण झाल्यावर, लेगानेसच्या 19 वर्षांखालील संघाशी त्याचा करार झाला. ला लिगातल्या क्लबशी करार करणारा तो पहिला भारतीय. पुढे तो लोर्काकडून चौथ्या पायरीवर खेळला आणि 2020 मध्ये एफसी गोवाकडे आला. त्या हंगामात बदली खेळाडू म्हणून उतरून त्याने 4 गोल केले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला फी घेऊन सराव देणारी अकादमी वाईटच असते असं नाही. भाषा कळते, शिस्त लागते. पण सराव वेगळा आणि क्लबची नोंदणी वेगळी, हे घर गहाण टाकण्याआधी कळायला हवं. शिवाय 18 नंतरही वाट अरुंदच आहे. युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंना प्रिमेरातल्या क्लबात 3 आणि सेगुंडातल्या क्लबात 2 जागा.

गैरसमज: खेळाडू विकला गेला की पैसे त्याचे.

बदलीची रक्कम क्लबला जाते. खालच्या डिव्हिजनमध्ये तर बहुतेक खेळाडू 30 जूनला करार संपल्यावर फुकटच क्लब बदलतात.

पण या व्यवहारात नाशिकच्या क्लबांचाही संबंध येऊ शकतो. खेळाडू रक्कम मोजून एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर त्या रकमेतले 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बाराव्या ते पंधराव्या वर्षांतल्या प्रत्येक वर्षाचा पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाचा अर्धा टक्का. त्यासाठी तो मुलगा त्या वर्षी त्या क्लबाकडे अधिकृतपणे नोंदलेला असावा लागतो. भारतात ही नोंद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन प्रणालीत होते. बाराव्या वर्षापासून मैदानावर येणाऱ्या मुलाची पहिली नोंद सतराव्या वर्षी झाली, तर मधली पाच वर्षं कागदावर नसतातच. क्लबांनी आणि पालकांनी या हंगामातच बसून मुलांच्या जन्मदाखल्यासह ती नोंद तपासून घ्यावी.