किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला?

घरातल्या सत्तेची खूण म्हणजे कमरेला खोचलेला किल्ल्यांचा जुडगा. सासूबाईंनी तो सुनेच्या हाती दिला, की कारभार कुणाकडे आला ते अख्ख्या घराला कळायचं. आता कोठी राहिली नाही आणि तिजोरी मोबाइलमध्ये गेली. पण मैत्रिणींनो, या नव्या तिजोरीच्या किल्ल्या कुणाकडे आहेत?

विजेचं बिल, गॅसचं बुकिंग, शाळेची फी, विम्याचा हप्ता, सगळं ऑनलाइन. "ते सगळं हेच बघतात!" असं आपण कौतुकानं सांगतो. पण 'हे' अचानक आठ दिवस आयसीयूत असले तर? मेडिक्लेमचे कागद ज्या ईमेलमध्ये आहेत, त्याचा पासवर्ड फक्त त्यांच्या डोक्यात. मग लग्नाची तारीख, लेकीचं नाव, गाडीचा नंबर… एकेक घालून बघायचं, आणि चार-पाच वेळा चुकलं की खातंच लॉक!

आणि आपण पासवर्ड ठेवतो तरी कसे? नाव आणि पुढे १२३. तोच सगळीकडे! २००९ साली 'रॉकयू' या अमेरिकी कंपनीकडून तीन कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले. त्यात सगळ्यांत लाडका होता '१२३४५६'. एका ठिकाणी सापडलेली किल्ली चोर इतर शंभर दारांना लावून बघतात. म्हणून प्रत्येक दाराला वेगळी किल्ली हवी. पण एवढं लक्षात ठेवणार कोण?

यासाठीच 'पासवर्ड मॅनेजर' असतो. सगळे पासवर्ड तो कुलूपबंद ठेवतो आणि नवे, अवघड पासवर्ड स्वतःच बनवतो. आपण लक्षात ठेवायचा फक्त एक, मास्टर पासवर्ड. कल्पना काही नवी नाही. ब्रूस श्नायर या तज्ज्ञानं 'पासवर्ड सेफ' १९९७ मध्येच आणला होता. आज 'कीपास' फुकट मिळतो, 'बिटवॉर्डन'ची साधी आवृत्तीही फुकट आहे. अँड्रॉइड फोनमध्ये गूगलची सोय असते, तर ॲपलनं २०२४ मध्ये 'पासवर्ड्स' हे वेगळं ॲपच दिलं. आणखी एक फायदा म्हणजे बँकेसारखी हुबेहूब दिसणारी खोटी साइट आपल्याला फसवेल, पण मॅनेजर पत्ता जुळल्याशिवाय पासवर्ड आपणहून भरत नाही. त्यानं भरला नाही, की आपण थांबायचं.

"पण सगळी अंडी एकाच टोपलीत?" शंका रास्त आहे. २०२२ मध्ये 'लास्टपास' कंपनीकडून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा होता, त्यांना खरा धोका. तेव्हा तो लांबलचक हवा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्या; पाटा, छत्री, मंगळ, रेल्वे, चिंच असे काहीतरी. (हेच घेऊ नका हं!) मुलांची नावं नकोत, गाण्याची ओळ नको. दर महिन्याला बदलायचीही गरज नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेनं, 'निस्ट'नं, २०१७ मध्ये तो जुना नियम काढून टाकला. मात्र चांगल्या मॅनेजरमध्ये मास्टर पासवर्ड कंपनीलाही ठाऊक नसतो, म्हणजे विसरलात तर सहसा कुणी परत देणार नाही. तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून कपाटात ठेवावा.

घरगुती मसाले किंवा कुर्त्या विकणाऱ्या मैत्रिणींनी तर हे मनावर घ्याच. इन्स्टाग्रामचा पासवर्ड मदतनीस मुलीला व्हॉट्सॲपवर पाठवला, ती काम सोडून गेली आणि पासवर्ड तिच्याकडेच राहिला, असं होऊ नये. व्यवसायासाठीच्या आवृत्तीत कुणाला काय उघडता येईल हे मालकीण ठरवते आणि ती परवानगी काढूनही घेता येते. माणूस गेलं, की पासवर्डही बदलावा.

एक गोष्ट नीट समजून घ्या. नेट बँकिंगचा पासवर्ड आणि ओटीपी नवऱ्यालाही सांगू नये, असंच बँका सांगतात. माणूस गेल्यावर त्याच्या पासवर्डनं पैसे काढणंही योग्य नाही. तिथं नॉमिनीचा अर्जच करावा लागतो. पण कोणत्या बँकेत खातं आहे, कुठली पॉलिसी आहे, नॉमिनी कोण आहे, हे तर माहीत हवं ना? ही यादी मॅनेजरमध्ये नोंदवता येते. फॅमिली प्लॅनमध्ये वीज, गॅस, शाळेचे पासवर्ड दोघांना वापरता येतात. काहींमध्ये 'इमर्जन्सी ॲक्सेस' असतो. आपण नेमलेल्या माणसानं मागणी केली आणि ठरलेल्या दिवसांत आपण नकार दिला नाही, तर त्याला तिजोरी उघडते.

हा विषय काढला, की "माझ्यावर विश्वास नाही का?" असं ऐकावं लागेल कदाचित. विश्वासाचा प्रश्नच नाही, अडीअडचणीचा आहे! येत्या रविवारी जेवणं झाली, की दोघांनी मोबाइल घेऊन बसा. आधी ईमेल, मग विमा, मग बिलं. आणि तुमच्या स्वतःच्या खात्यांचीही नोंद करा बरं का! तुमच्यावर वेळ आली तर यांनाही काही ठाऊक नसतं.