आजारपणाची गोधडी

गोंदियाच्या कितीतरी घरांत बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. तेंदूच्या पानात तंबाखू भरताना तिची धूळ नाकातोंडात जाते. खोकला लागला की ‘थंडीचा आहे’ म्हणून तो पदराआड लपवला जातो. आजार बोलून दाखवायला बाईला घरात जागा नसते. एका बाईने ती कापडावर शोधली. ती अमेरिकेची, पण तिचे सामान आपल्याही घरात आहे.

फेथ रिंगगोल्ड १९३० साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जन्मली. लहानपणीच दम्याने गाठले. शाळा बुडे, दिवस घरात जाई. आई शिवणकामात तरबेज. तिने लेकीला रंगखडू दिले, सुई धरायला शिकवली. खापरपणजी तर गुलामीत गोधड्या शिवणारी. १९८० मध्ये मायलेकींनी मिळून पहिली गोधडी केली. पुढच्याच वर्षी आई गेली.

१९८६ मध्ये फेथने १०० पौंडांहून, म्हणजे ४५ किलोंहून जास्त वजन उतरवले आणि ती हकिकत गोधडीवर मांडली. निरनिराळ्या वयातले स्वतःचे फोटो कापडावर छापले, सोबत त्या त्या काळातल्या खाण्याची आणि वजनाची कहाणी लिहिली. नाव ठेवले ‘चेंज’. आपल्याकडे बाई वजनकाट्यावर चढतानाही आजूबाजूला पाहते. हिने सगळेच चारचौघांत भिंतीवर टांगले!

फोटो, चेहरे नकोत असे वाटणाऱ्या भगिनींसाठी दुसरा रस्ता जवळच आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका, त्यांत मुसलमानही आल्या, ‘कवंदी’ शिवतात. नुसते जुन्या कपड्यांचे तुकडे. काठापासून सुरुवात करून टाके गोल फिरत मध्याकडे येतात. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुला’ लावली नाही तर काम अपुरे.

अम्मीची ओढणी, अब्बांची लुंगी, दवाखान्यात जाताना घातलेला कुर्ता, एवढे पुरते. मात्र टाके औषधाची जागा घेत नाहीत. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकीची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस फार लांब वाटतात. सुईदोरा तेव्हाच काढावा. रोज एक ओळ घालावी, काळ्या धाग्याची असली तरी चालेल.