विश्लेषण : पोळ्याला खांदा शेकला, तरी बैलाला खांदेसूज का होते?

श्रावण अमावास्येला पोळा. त्याच्या आदल्या दिवशी विदर्भात बैलांची खांदशेकणी होते. बैल धुऊन त्याच्या खांद्याला हळद आणि तूप, ते परवडत नसेल तर तेल लावून शेकले जाते. यवतमाळसारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात ही प्रथा अगदी वेळेवर येते. पेरणीपासून डवरणीच्या फेरांपर्यंत बैलाचा खांदा सतत जुवाखाली असतो. पण शेकणे घट्ट झालेल्या कातडीला चालते. सुजलेल्या किंवा फाटलेल्या खांद्याला त्याने अपाय होऊ शकतो. हा फरक ओळखायचा कसा आणि मुळात सूज टाळायची कशी?

खांदेसूज म्हणजे काय?
वशिंडाच्या पुढे, मानेवर जिथे जू टेकते, त्या भागाला खांदा म्हणतात. तिथे दाब आणि घर्षणामुळे कातडी व तिच्याखालचा भाग सुजतो, तीच खांदेसूज. थोडा थोडा दाब अनेक दिवस पडला, तर कातडी जाड होते आणि केस झडतात. हा झाला घट्टा. कुदळ धरणाऱ्याच्या तळव्यावर किंवा कडक फरशीवर झोपणाऱ्या पाळीव कुत्र्याच्या कोपरावर पडतो तसाच. घट्टा म्हणजे शरीराने केलेला बचाव. दाब त्याहून वाढला की तिथला रक्तपुरवठा दबतो, आत पाणी साचते आणि कातडी फाटते. जखमेत जंतू शिरले की पू होतो.

जू खांद्याला का लागते?
हा सगळा भार आणि क्षेत्रफळाचा हिशेब आहे. समजा, खांद्यावर ३० किलो भार आहे. तो १०० चौरस सेंटिमीटर जागेवर पडला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम दाब येतो. तोच भार ३०० चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर दाब १०० ग्रॅमवर येतो. गोल, अरुंद लाकडाचे जू मानेवर थोड्याच जागी टेकते. त्याला गाठ, फट किंवा धारदार कड असेल, तर सगळा भार त्या एका ठिकाणी एकवटतो.

जोडीतले बैल कमी-जास्त उंचीचे असतील, तर जू तिरके होऊन त्याची कड रुतते. गाडीत माल पुढे जास्त भरला, तर भार मानेवर येतो. मागे जास्त भरला, तर जू वर उचलले जाते आणि जोते गळ्याला आवळते. पावसाने भिजलेली कातडी मऊ पडते व लवकर सोलवटते. ओल्या काळ्या जमिनीत ओढही जास्त लागते. त्यामुळे पावसाळा हा खांद्याचा सर्वांत कठीण काळ ठरतो.

घट्टा, सूज आणि गळू कसे ओळखावे?
जू उतरवल्यावर हाताची पालथी बाजू खांद्याला लावून पाहावी, मग बोटाने हलके दाबावे.

• थंड, कडक, दाबल्यावर बैल मान काढत नाही : घट्टा.
• गरम, दुखरी, बोटाचा खळगा थोडा वेळ राहतो : ताजी सूज.
• मऊ, आत पातळ काही हलल्यासारखे लागते : पाणी, रक्त किंवा पू.
• भेगा, रक्त, ओलसरपणा : जखम.
• थंड, घट्ट आणि महिनोन् महिने वाढत जाणारी गाठ : जुनी खांदेसूज.

वशिंडावर खाज सुटणारी, खपली धरणारी जखम मात्र वेगळी असू शकते. माश्यांमार्फत पसरणाऱ्या सूक्ष्म कृमींमुळेही तशी जखम होते. तिचे औषध वेगळे असते.

उपचार काय?
पहिला उपचार विश्रांती. सूज उतरेपर्यंत बैल जुंपू नये. ताज्या सुजेवर पहिले एक-दोन दिवस थंड पाण्याच्या किंवा बर्फाच्या घड्या ठेवाव्यात. या काळात शेक देऊ नये आणि चोळू नये, कारण त्याने सूज वाढते. दोन दिवसांनंतर कोमट पाण्याचा शेक चालतो. मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीनचा लेप, सूज उतरवणारी इंजेक्शने हे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घ्यावे.

जखम असेल तर ती जंतुनाशकाने धुऊन माश्यांपासून जपावी. अळ्या पडल्या, तर थेट दवाखाना गाठावा. मऊ गाठ घरी सुईने किंवा ब्लेडने फोडू नये. आत पू नसून रक्त किंवा पाणी असेल, तर चांगल्या गाठीत जंतू जातात. जुनी, घट्ट झालेली गाठ औषधाने सहसा जात नाही. तिला शस्त्रक्रिया लागते.

काय टाळावे?
तापल्या लोखंडाचा डाग, बिब्बा आणि इंजिनचे जळके ऑइल. डाग आणि बिब्बा दोन्हींनी कातडी भाजते आणि सुजेवर नवी जखम होते. माणसांची वेदनाशामक औषधेही देऊ नयेत. डायक्लोफिनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर २००६पासून बंदी आहे. हे औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मरतात, हे त्यामागचे कारण.

सूज टाळायची कशी?
• जू रंध्याने गुळगुळीत करून घ्यावे. मानेवर टेकणारा भाग रुंद असावा.
• गादी लावल्यास ती सपाट व कोरडी ठेवावी. भिजून गोळा झालेली गादीच रुतते.
• शिवळा सैल किंवा वाकड्या नसाव्यात. जोते गळ्याला आवळू नये.
• जोडी शक्यतो सारख्या उंचीची आणि ताकदीची असावी.
• नवा गोऱ्हा किंवा उन्हाळाभर मोकळा असलेला बैल पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ जुंपू नये. काम थोडे थोडे वाढवावे.
• काम संपल्यावर खांदा धुऊन कोरडा करावा. कोरड्या घट्ट्याला तेल किंवा तूप लावायला हरकत नाही.

आयआयएम बेंगळुरूचे माजी संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी आणि जू यांच्या सुधारणेसाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला. तरी शेतांत आजही बहुतेक जुनेच लाकडी जू दिसते. त्यामुळे आहे तेच जू नीट करून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

कायदा काय सांगतो?
प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार जखम किंवा व्रण असल्याने कामाला अयोग्य ठरलेल्या जनावराकडून काम करून घेणे हा गुन्हा आहे. १९६५च्या नियमांनुसार गाडी ओढणाऱ्या किंवा ओझे वाहणाऱ्या जनावराकडून दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर दुपारी १२ ते ३ या वेळेत त्याला जुंपता येत नाही. खिळे, गाठी किंवा टोके असलेले, सूज आणू शकेल असे जू वापरण्यासही मनाई आहे.

शेतकऱ्याचे नुकसान किती?
एक बैल बसला की जोडी बसते. डवरणी आठवडाभर लांबली की तण वाढते आणि निंदणीचा खर्च चढतो. भाड्याची जोडी किंवा ट्रॅक्टर ऐन हंगामात मिळेलच असे नाही. दोन दिवसांची विश्रांती टाळली, म्हणून महिनाभर बैल बसवण्याची वेळ येते. म्हणूनच सूज दिसताच जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा. आणि खांदशेकणीला हात लावण्याआधी खांदा गरम आहे की थंड, एवढे जरूर पाहावे.