शौचाचा रंग बदलला, तर?

बिटाची कोशिंबीर खाल्ली, तर दुसऱ्या दिवशी शौचाला लालसर रंग आलेला पाहून दचकू नये. पालक-मेथीने तो हिरवट होतो. गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांनी काळपट होतो. तेवढ्यासाठी गोळ्या बंद करणे हा शुद्ध वेडेपणा.

काळ्या रंगातही फरक असतो. डांबरासारखे चिकट, उग्र वासाचे शौच म्हणजे बहुधा जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्तस्राव. पचनरसांमुळे ते रक्त काळे पडते. गुडघेदुखीवर दुकानातून आणून रोज घेतलेली वेदनाशामक गोळी हे त्याचे नेहमीचे कारण. सोबत चक्कर किंवा घाम असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ वर फोन करावा किंवा नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरचे जिल्हा रुग्णालय गाठावे.

ताजे लाल रक्त बहुतेकदा मूळव्याधीचे. पण पन्नाशीनंतर, वजन घटत असताना किंवा शौचाची सवय बदलली असताना ते मूळव्याधीचेच, असे स्वतःच ठरवू नये.

पांढुरक्या, मातकट शौचाकडे मात्र घरोघरी दुर्लक्ष होते. शौचाचा तपकिरी रंग पित्तामुळे येतो. पित्ताची वाट अडली की तो जातो, लघवी गडद होते. तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकून शौच पांढुरके असेल, तर कोवळ्या उन्हावर विसंबू नये. पित्तनलिका बंद असल्यास शस्त्रक्रिया साधारण ६० दिवसांच्या आत झालेली बरी.