संगणकातलं क्रिकेट : बंद करण्याआधी शेजारी बसून बघा



आपल्या चाकण, म्हाळुंगे, तळवडे, भोसरी या पट्ट्यात घराचं घड्याळ कंपनीच्या पाळीवर चालतं. घरधनी पहिल्या पाळीला पहाटेच बाहेर पडतात. आपल्यातली कुणी पॅकिंगच्या कामाला जाते, कुणी कामगारांचे डबे करते. दुपारी शाळा सुटली की पोरं घरात एकटी असतात. थोरल्याच्या एमएस-सीआयटीसाठी घेतलेला जुना संगणक कोपऱ्यात असतो, आणि त्यावर क्रिकेट सुरू होतं.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा बहुतेकींचं म्हणणं एकच होतं : वायर काढून ठेवा. त्यातली एक मात्र म्हणाली, "अगं, पण तो खेळतो काय, ते आपल्याला कुठं माहीत आहे?" खरंच माहीत नव्हतं. मग आम्ही चौघीजणी एका मैत्रिणीच्या घरी गेलो आणि तिच्या मुलाशेजारी बसून पाच षटकांचा सामना पाहिला. आज त्याचीच गोष्ट.

तो खेळत होता 'क्रिकेट ०७'. ईए स्पोर्ट्स या परदेशी कंपनीने तो २००६ च्या अखेरीस काढला. इतका जुना खेळ अजून टिकला, कारण तो जुन्या, मंद संगणकावरही चालतो आणि एकदा भरला की त्याला नेट लागत नाही. गंमत म्हणजे मूळ खेळात आपल्या खेळाडूंची नावं खरी नाहीत, कारण ती वापरायचे हक्क कंपनीकडे नव्हते. पुढे खेळाच्या चाहत्यांनीच नवे संघ, नवी नावं आणि नवे गणवेश बनवून त्यात घातले.

खेळायचं कसं? गोलंदाजी करताना खेळपट्टीवरची खूण सरकवून चेंडूचा टप्पा ठरवायचा. फलंदाजी करताना ती खूण पाहून पाय पुढे टाकायचा की मागे, हे ठरवायचं. बाणाच्या कळेने दिशा द्यायची आणि फटक्याची कळ नेमक्या क्षणी दाबायची. ती लवकर दाबली तर झेल उडतो, उशीर झाला तर त्रिफळा.

हे सगळं संगणकाला कसं कळतं? आपल्याकडच्या सीएनसी मशीनसारखंच आहे. मशीनला आकडे दिले की टूल त्याप्रमाणे फिरतं. इथेही चेंडूचा वेग, टप्पा, कळ दाबल्याची वेळ हे सगळे आकडेच असतात. संगणक त्यांचा हिशेब करतो आणि चेंडू कुठे जाईल ते दाखवतो. खऱ्या मैदानावर ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापर्यंत पोचतो. म्हणूनच पोरगा डोळे फाडून बघत असतो, आणि आपण हाक मारली तर त्याला ऐकू येत नाही.

आता मुद्द्याचं. संगणकातला हा खेळ आणि मोबाइलवरचा पैशाचा खेळ दिसायला सारखे असतात. दोन्हींत मैदान, खेळाडू आणि धावा दिसतात. पण एक खेळ सामना संपला की संपतो, आणि दुसरा आपल्या खात्यात हात घालतो. फरक ओळखायला तीन प्रश्न पुरतात.

पहिला : नेट बंद केलं तर खेळ चालतो का? चालत असेल तर तो बहुधा घरातच आहे.

दुसरा : तो पैसे लावायला सांगतो का, किंवा जिंकल्यावर पैसे द्यायचं कबूल करतो का? तसं असेल तर त्याला खेळ म्हणू नका, तो जुगार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. म्हणून पोराच्या हातून पैसे गेले तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितकी घाई कराल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

तिसरा : खेळ आला कुठून? पेनड्राइव्हवरून किंवा कुठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून उतरवला असेल तर त्याबरोबर व्हायरसही येऊ शकतो. ज्या संगणकावर गटाचा हिशेब किंवा बँकेचं काम चालतं, त्यावर असा खेळ भरू देऊ नका. आणि आपला यूपीआय पिन पोराला तोंडपाठ असेल तर तो आजच बदला.

मग रोज एखादा सामना खेळला तर व्यसन लागतं का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, ही यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण तिचा अर्थ वेगळा आहे. खेळावर ताबा राहत नाही, अभ्यास, जेवण, माणसं सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा तो आजार. तशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे जा. नाहीतर वेळ ठरवून द्या, आणि ती मिनिटांत न देता षटकांत द्या. "दहा षटकं झाली की बंद" हे पोराला पटतं. सामना अर्ध्यात तोडला की भांडण होतं.

आमचा सामना संपला तेव्हा त्या घरातली धाकटी लेक दाराशी उभी होती. "तुला येतं का गं?" आम्ही विचारलं. "दादा देतच नाही," ती म्हणाली. २०१७ च्या 'अ‍ॅशेस क्रिकेट' या खेळापासून महिलांचे संघही संगणकावर आले. आपल्या सांगलीची स्मृती मानधना ज्या संघात आहे, त्या भारतीय संघाने २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. आणि आपल्या घरात पोरीला कळफलकसुद्धा मिळू नये?

आम्ही तिला बसवलं. पहिल्या चेंडूवर तिचा त्रिफळा उडाला, दादा हसला. तिने पुन्हा डाव लावला.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एकदा शेजारी बसा, ते तीन प्रश्न विचारा, आणि षटकं ठरवून देताना ती भावाबहिणीत निम्मी निम्मी वाटा.